जागा नको, फेऱ्या मागा : पुण्यात ‘गाडी लावा, बसने जा’ सेवेसाठी पाठपुरावा कसा करायचा

शहराच्या कडेला गाडी लावायची आणि पुढे बसने जायचं, अशी सेवा मागण्यासाठी आम्ही धायरीकरांनी दिलेल्या पहिल्या निवेदनात अकरा मागण्या होत्या. मोकळा भूखंड, त्यावर पत्रा, सीसीटीव्ही, स्वच्छतागृह, चार्जिंगचा खांब, ज्येष्ठांसाठी बाकं... आणि नवव्या क्रमांकावर ‘बसच्या फेऱ्या वाढवाव्यात’. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. तेव्हा आम्ही प्रशासनाला नावं ठेवली. आज तो कागद पाहिला की जाणवतं, चूक आमचीच होती. पार्किंग मागण्याच्या नादात आम्ही बस मागायला विसरलो होतो.

ज्याच्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली आहे तो माणूस बसची वाट वीस मिनिटं बघत नाही. दुसऱ्या दिवशी तो सरळ स्वारगेटला गाडी घेऊन जातो आणि तुमचा भूखंड रिकामा राहतो, नाहीतर शेजारच्या सोसायटीच्या जादा गाड्यांनी भरतो. म्हणून खालची सगळी खटपट ‘फेऱ्या’ या एका शब्दाभोवती आहे. उदाहरणं सिंहगड रस्त्याची आहेत, कारण तो आमच्या पायाखालचा आहे. वाघोली, कात्रज, भोसरीकरांनी आपापले आकडे घालावेत.

आधी बिल काढा

मोहिमेआधी एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसा. प्रवाशाच्या खिशाला काय लागतं ते आपल्यालाच ठाऊक नसेल, तर पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारेल आणि आपण गप्प बसू.

समजा धायरी फाटा ते स्वारगेट जाऊन-येऊन १६ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर दिवसाला ३७ रुपये, पंचवीस दिवसांचे ९२५. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बसचं, तिकीट पहिल्या पाच किलोमीटरला १० आणि दहापर्यंत २० रुपये झालं. म्हणजे जाऊन-येऊन ४०, महिन्याचे १,०००. त्यात घरापासून थांब्यापर्यंतचं पेट्रोल आणि पार्किंगची पावती. स्कूटरवाल्याला हा सौदा तोट्याचा आहे, हे आधी मान्य करून टाका. मोटारवाल्याचं तसं नाही. लिटरला १४ धरलं तर त्याचे महिन्याला ३,००० रुपये जातात, शिवाय स्वारगेटला गाडी कुठे लावायची हा रोजचा जाच वेगळा.

यातून तुमचा प्रवासी कोण ते कळतं. रोज मोटार नेणारा, डोणजे-खानापूरसारख्या लांबच्या गावातून दुचाकीवर येणारा, पुढे मेट्रो धरणारा आणि गर्दीत गाडी चालवायला नको वाटणारा. स्वारगेटची भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. तिथून शिवाजीनगर किंवा पिंपरी गाठायची असेल, तर बसच्या आठ किलोमीटरांना अर्थ येतो. सगळ्या सिंहगड रस्त्याला बसमध्ये बसवायच्या गप्पा मारू नका. दोन-तीनशे माणसं ठरवून मिळाली तरी आठ-दहा बसगाड्या भरतात.

याच हिशेबातून एक मागणीही मिळते. पार्किंगच्या पावतीवरच बसची सवलत हवी. गाडी लावण्याचे वेगळे आणि तिकिटाचे वेगळे, असे दोन खिडक्यांवर दोनदा पैसे द्यावे लागले की माणूस चिडतो.

तीन सकाळी थांब्यावर काढा

सगळ्या मोहिमेत सर्वांत मोलाचं काम हे आहे, आणि त्याला परवानगी लागत नाही की पैसे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस निवडा. सोमवार नको, त्या दिवशी सगळंच उशिरा असतं. सण, शाळांची सुट्टी आणि मुसळधार पावसाचा दिवसही टाळा. सकाळी आठ ते दहा, दोघा-दोघांच्या पाळ्या. एकाने बसची पाटी वाचायची, दुसऱ्याने लिहायचं. वहीत पाच रकाने पुरेत : बस आली ती वेळ, मार्ग क्रमांक, शेवटचं ठिकाण, गर्दी आणि शेरा. गर्दीसाठी तीनच खुणा ठेवा. बसायला जागा आहे, उभं राहावं लागतंय, दारात लटकलेत. ‘बऱ्यापैकी गर्दी’ असं कोणी लिहिलं तर ते खोडा, त्याचा उपयोग शून्य. थांब्यावर न थांबता पुढे गेलेली बस शेऱ्यात लिहायला विसरू नका.

वेळ मोबाइलवर बघा, मनगटावरच्या घड्याळात नको. आमच्या पहिल्या मोजणीत दोन पाळ्यांच्या घड्याळांत सहा मिनिटांचा फरक निघाला आणि अख्खा दिवस वाया गेला. ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं. त्याचे स्क्रीनशॉट जोडपुरावा म्हणून ठेवा, पण मुख्य पुरावा तुमची वही.

आता त्या वहीतून काय काढायचं? लोक ‘तासाला किती बस’ एवढंच मोजतात आणि तिथेच फसतात. तासाला सहा बस, दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे सरासरी पाच मिनिटं थांबायचं. त्याच सहा बस जोडीजोडीने वीस मिनिटांनी आल्या, तर कागदावर सेवा तीच, पण थांबणं दहा मिनिटांचं. जोडीतली पहिली खच्चून भरलेली आणि मागची मोकळी, हे दृश्य कोणत्या पुणेकराला सांगायला हवं! म्हणून दोन बसमधलं सर्वांत मोठं अंतर काढा आणि तोच आकडा पुढे करा. ‘फेऱ्या कमी आहेत’ याला उत्तर असतं, ‘बस कमी आहेत’. ‘बुधवारी ८.४० ते ९.१७ एकही बस आली नाही आणि मग चार मिनिटांत तीन आल्या’ असं वाक्य समोर ठेवलं, की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

परतीची मोजणीही करा, संध्याकाळी सहा ते साडेआठ, स्वारगेटच्या टोकाला. आम्ही ती टाळली होती आणि नंतर हळहळलो. सकाळी माणूस उशीर सोसतो. रात्री साडेनऊला परतीची बस नाही असं एकदा झालं की तो कायमचा गेला, आणि बाई असेल तर घरचेच म्हणतात, ‘नको ती बस, गाडी ने.’

किती बस लागतील ते तुम्हीच सांगा

हा भाग पोरकट सोपा आहे, तरी फार थोडे लोक करतात. एका बसला जाऊन, येऊन, दोन्ही टोकांना थोडं थांबून परत निघायला किती मिनिटं लागतात ते बघा. त्याला दोन बसमधल्या अंतराने भागा.

गर्दीच्या वेळी एका बाजूला ३५ मिनिटं, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं, म्हणजे एक चक्कर ८० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी तर ८ बस. बिघाडासाठी एक जादा धरा.

आता खरी गंमत. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्या आणि हातगाड्या हटवून, एक-दोन सिग्नलच्या वेळा सुधारून तीच चक्कर ६० मिनिटांवर आली, तर सहाच बस पुरतात. दोन बस फुकट मिळाल्या! परिवहनवाले ‘बस नाहीत’ म्हणतील तेव्हा हा कागद काढा आणि शेजारी वाहतूक पोलिसांना बसवा. आमची मागणी ‘आठ बस द्या’वरून ‘सहा बस द्या आणि अमुक दोन चौक मोकळे करा’ अशी झाली, तेव्हा बैठकीचा सूरच बदलला.

जागा : आधी असलेली बघा

भूखंड विकत घेण्याची वाट बघितली तर नातवंडं बसमध्ये बसतील. एका मोटारीला येण्याजाण्याच्या वाटेसह साधारण २३ चौरस मीटर लागतात आणि तेवढ्यात चार दुचाकी मावतात. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यात पावणेदोनशे मोटारी, नाहीतर सातशे दुचाकी. म्हणजे अर्धा एकरही चाचणीला भरपूर.

पुण्यात एक जागा अशी आहे जिच्याकडे कोणी बघत नाही : मंगल कार्यालयांची लॉन्स. आठवड्याच्या मधल्या दिवशी, मुहूर्त नसेल तेव्हा, ती रिकामी असतात, फाटक आणि रखवालदारासकट. मालकाला दिवसाचं ठरावीक भाडं मिळालं तर तो ऐकतो. अडचण एकच, लग्नसराई. पंचांग घेऊन वर्षाचे मुहूर्त आधीच काढा आणि त्या दिवशी गाड्या कुठे जातील ते करारात लिहून घ्या. (आमच्या गटात हे काम एका निवृत्त गुरुजींनी केलं. मोहिमेत त्यांच्याइतका आनंद कोणालाच झाला नसेल.)

उड्डाणपुलाखालची जागा, मॉलचं सकाळचं रिकामं तळघर, विकास आराखड्यात पार्किंगसाठी राखलेले पण पडून असलेले भूखंड, हेही यादीत घ्या. नदीपात्र मात्र सुचवू नका. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की काय होतं ते २५ जुलै २०२४ ला पाण्यात गेलेल्या नदीकाठच्या एकता नगरीने पाहिलं आहे.

जागा थांब्यापासून चालत तीन-चार मिनिटांच्या आत हवी आणि मधे रस्ता ओलांडावा लागू नये. पार्किंगही फुकट मागू नका. सार्वजनिक जागेवर फुकट गाडी लावायची आणि बस मात्र रडतखडत, हे चालत्या माणसावर अन्याय करणारं आहे. शहराच्या मध्यावर पार्किंग स्वस्त असताना कडेला गाडी कोणी ठेवत नाही, ही गोष्ट वेगळी. महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ साली रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याचं पार्किंग धोरण मंजूर केलं, ते कित्येक वर्षं रस्त्यावर उतरलं नाही. तो वाद तुमच्या मोहिमेत ओढू नका, पण विचारलं तर मत ठाम सांगा.

कोणाच्या दारात काय मागायचं

पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी, ही कंपनी आहे. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून ती झाली. मालकी पुणे महापालिकेची ६० आणि पिंपरी-चिंचवडची ४० टक्के, आणि बस चालवण्यात येणारी तूटही दोन्ही महापालिका त्याच प्रमाणात भरून देतात. म्हणून बस मागायची पीएमपीकडे आणि पैसे मागायचे महापालिकेकडे. एकाच दारात दोन्ही मागितलं तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

वेळापत्रक आणि फेऱ्यांचं बोलणं आगार व्यवस्थापकापासून सुरू करा. थेट वरच्या साहेबांकडे गेलात तर कागद फिरून त्याच्याच टेबलावर येतो, आणि तोवर तो दुखावलेला असतो. रस्त्यावरच्या गाड्या हटवणं, थांब्यापुढे पिवळे पट्टे हे वाहतूक शाखेचं काम. थांब्याची शेड, पदपथ, दिवे महापालिकेचे. मेट्रो स्थानकाच्या आवारात बस आत घ्यायची असेल तर महामेट्रो. नगरसेवक बहुतेक प्रभागांत चार-चार आहेत. चौघांनाही एकच कागद, एकाच दिवशी द्या. एकालाच दिलात की बाकीच्या तिघांच्या लेखी ते ‘त्याचं’ काम होतं.

आणि चालक-वाहक. त्यांच्याशी चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बोललं तर महिन्याभराच्या पत्रव्यवहारापेक्षा जास्त कळतं. कोणती फेरी नेहमी रद्द होते, कुठल्या वळणावर लांब बस अडकते, टोकाला स्वच्छतागृह नसल्याने कुठे बस उगाच पुढे न्यावी लागते. त्यांची नावं मात्र कुठेही लिहू नका.

माहिती अधिकार, पण नेमका

तुमची वही ही एक बाजू झाली. त्यांच्या नोंदी मागवल्या की दोन्ही शेजारी ठेवता येतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून भरायचं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मागायचं एवढंच : ‘मार्ग क्रमांक अमुक, दि. १ ते ३० जून. (१) रोज ठरलेल्या फेऱ्या. (२) प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या. (३) रद्द फेऱ्या व नोंदवलेली कारणं. (४) प्रति किलोमीटर उत्पन्न.’ ‘फेऱ्या का वाढवत नाही?’ असा प्रश्न घालू नका. कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही, आणि त्या एका प्रश्नाचं निमित्त करून अख्खा अर्ज परत येऊ शकतो. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहायला खुले केले आहेत. रस्ता आणि थांब्यांच्या फायली त्या वेळात पाहून या. अर्ज करण्याआधी काय मागायचं ते तिथेच कळतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. सामूहिक मागणीसाठी ती जागा नाही, तिकडे वेळ घालवू नका.

निवेदन एका पानाचं

आम्ही शेवटी दिलेला मसुदा साधारण असा होता :

*‘प्रति, मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, पुणे महानगर परिवहन महामंडळ लि. विषय : धायरी फाटा ते स्वारगेट मेट्रो स्थानक, सकाळी ८ ते १० व सायंकाळी ६ ते ९ दर दहा मिनिटांनी बस, तीन महिन्यांच्या चाचणीसाठी. महोदय, सोबत तीन दिवसांच्या मोजणीचा तक्ता जोडला आहे. दोन बसमधील सर्वाधिक अंतर ३७ मिनिटे आढळले. सहा बस व दोन चौकांतील अडथळे दूर झाल्यास ही सेवा शक्य आहे, हिशेब मागील बाजूस. गाड्या लावण्यासाठी दोन जागांच्या मालकांची लेखी संमती जोडली आहे. दोनशे दहा प्रवाशांनी नियमित वापराची नोंद केली आहे. कृपया संयुक्त पाहणीसाठी तारीख द्यावी.’*

मागणी एक, शेवटी विनंती एक, आणि तीही ‘सेवा सुरू करा’ अशी नाही, ‘तारीख द्या’ अशी. तारीख देणं अधिकाऱ्याला सोपं जातं. खाली प्रती कोणाकोणाला ते लिहा आणि आवक विभागातून शिक्का, क्रमांक व तारखेसह पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं निवेदन कोणी दिलेलंच नसतं.

सह्यांबद्दल एक. पाच हजार सह्या गोळा करण्याची हौस टाळा. त्याऐवजी दोनशे माणसांकडून लिहून घ्या : किती वाजता निघतो, कुठे उतरायचं, आज काय वापरतो, बस मिळाली तर आठवड्यात किती दिवस येईन. ही यादी वेळापत्रक बनवणाऱ्याच्या थेट कामाची. मोबाइल क्रमांक तुमच्याकडेच ठेवा, निवेदनाला जोडू नका.

रिक्षावाल्यांना विसरलात तर ते तुम्हाला विसरणार नाहीत. आधीच जाऊन बोला. पार्किंगपाशी त्यांचा स्टँड राहील आणि आतल्या गल्ल्यांतून प्रवासी आणायला त्यांचीच गरज लागेल, हे खरंही आहे.

कधी

महापालिकेचं अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होतं, पण त्यातल्या गोष्टी थंडीतच ठरतात. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात त्याच्या आधी, डिसेंबरपर्यंत, तुमचा तक्ता आणि खर्च त्यांच्या टेबलावर हवा. मोजणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा-कॉलेजं सुरू झाल्यावर. गणपतीत काहीच हलत नाही, त्या दिवसांत फक्त माणसं जोडा. पुणे महापालिकेच्या नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकात पाच लाखांपर्यंतची छोटी कामं सुचवता येतात. थांब्याची शेड, दिवा, पदपथाचा तुकडा तिथून काढून घ्या म्हणजे मुख्य निवेदन हलकं राहतं. आचारसंहिता लागण्याची कुणकुण असेल तर पाहणीची तारीख त्याआधी पदरात पाडा.

चाचणी मिळाली की

इथे दोन जुन्या गोष्टी आठवा. १ नोव्हेंबर २०१२ ला पुण्यात ‘बस डे’ झाला. जादा बस आणल्या, लोक खुशीने बसले, दुसऱ्या दिवशी जादा बस गेल्या आणि लोकही. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खासगी गाड्या बंद करून पायथ्याला लावायच्या आणि ई-बसने वर जायचं, अशी सेवा सुरू झाली. कल्पना उत्तम होती, पण गर्दीपुढे बस पुरल्या नाहीत आणि पंधरवड्यात ती थांबवावी लागली. म्हणून उद्घाटन मोठं नको. रविवारी नकोच. जून-जुलैच्या साध्या मंगळवारी, पूर्ण बस हातात असताना सुरू करा.

आणि यशाचं माप आधी लेखी ठरवून घ्या. आम्ही तीन आकडे सुचवले : ठरलेल्यातल्या किती फेऱ्या झाल्या, दोन बसमधलं सर्वांत मोठं अंतर, आणि तिसऱ्या महिन्यात रोज किती प्रवासी चढले. पहिल्या महिन्यातले प्रवासी मोजू नका. लोकांना कळायलाच तेवढा वेळ लागतो. हे ठरलं नसेल तर चौथ्या आठवड्यात ‘प्रतिसाद नाही’ असं एक वाक्य येतं आणि बस दुसऱ्या मार्गावर जातात. त्या वाक्यासमोर ठेवायला तुमच्याकडे ‘ठरलेल्या निम्म्या फेऱ्या झाल्याच नाहीत’ असा तक्ता हवा.

थांब्यावर वेळापत्रकाची मोठी पाटी लावा, शेवटच्या परतीच्या बसची वेळ लाल अक्षरांत. पहिले पंधरा दिवस गटातल्या एकाने सकाळी तिथे उभं राहायचं, वही घेऊन. आमच्याकडे पाळी ठरवताना वाद झाला, कारण मोहिमेत सर्वांत जास्त बोलणारे तिघेही ऑफिसला गाडीनेच जात होते. तेव्हा ठरलं, की पाळी ज्याची त्याने त्या दिवशी बसनेच जायचं.